कॅमेरा गुरुवारीच का गोठतो?



सोसायटीच्या फाटकावर, गोदामात, दुकानाच्या गल्ल्यावर हल्ली छोटे कॅमेरे असतात. त्यांच्या पोटात एक इवलासा बोर्ड असतो आणि त्यावर बहुधा लिनक्स चालते. असा एखादा कॅमेरा सोमवारी सकाळी सुरू केला, की मंगळवार-बुधवार बिनबोभाट जातात आणि गुरुवारी चित्र गोठते. वॉचमन वायर काढून परत लावतो. कॅमेरा ठणठणीत! तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी लॅपटॉप जोडून बसतो, मोकळी मेमरी तासातासाला कमी होताना पाहतो आणि निकाल देऊन टाकतो, की कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये मेमरी लीक आहे. म्हणजे ड्रायव्हर मेमरी मागून घेतो आणि परत करत नाही. हा आरोप तपासायचा कसा, याबद्दल आज बोलायचे आहे.

मोकळी मेमरी कमी होणे हा मुळात पुरावाच नव्हे. कॅमेरा कार्डावर रेकॉर्डिंग लिहीत असतो. त्या फाइलींचा मजकूर लिनक्स मेमरीतही ठेवून घेते, पुन्हा लागला तर कार्डापर्यंत जायला नको म्हणून. दुसऱ्या कोणाला जागा हवी झाली, की तो टाकून देते. त्यामुळे लिनक्सच्या ‘मेमइन्फो’ या फाइलीतला ‘मेमफ्री’चा आकडा पहिल्या काही तासांत घसरणारच. पाहायचा तो ‘मेमअव्हेलेबल’. मागितली तर किती मेमरी खरोखर देता येईल, याचा हा अंदाज २०१४ पासून लिनक्स स्वतःच देते. हा आकडा दिवसभर एका पातळीला राहत असेल, तर ड्रायव्हरला सोडा आणि केबल, वीजपुरवठा, उष्णता यांच्याकडे वळा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असे मला वाटते.

आकडा खरोखर रोज घसरत असेल, तर कोड उघडण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४१ लाख ४७ हजार बाइटची. सेकंदाला अशा ३० फ्रेम येतात. ड्रायव्हर दर वेळी अख्खी फ्रेम हरवत असता, तर ५१२ एमबीचा बोर्ड चार-साडेचार सेकंदांतच बसला असता, गुरुवारपर्यंत वाट पाहिली नसती. उलट, दर फ्रेममागे फक्त ६४ बाइट परत करायचे राहिले, तर? दिवसाला सुमारे १६६ एमबी जातात आणि तीन दिवसांत खेळ संपतो. म्हणजे हरवते आहे ते चित्र नाही, चित्रासोबतची एखादी लहानशी नोंद हरवते आहे. शोध अर्धा झाला.

किंवा गळती फ्रेमगणिक नसेलच. अनेक कॅमेरे हालचाल दिसली की चित्रण सुरू करतात, थांबली की बंद. एक रात्र चित्रण सलग चालू ठेवा. दुसऱ्या रात्री तेच हजार वेळा चालू-बंद करा. कोणत्या रात्री जास्त मेमरी गेली, ते पाहा.

आता हत्यार. २००९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ‘केमेमलीक’ दाखल झाले. दर दहा मिनिटांनी ते मेमरी चाळते आणि ज्यांचा पत्ता आता कुठेच नोंदलेला नाही, असे तुकडे दाखवते. फार कामाचे आहे, पण त्याच्या मौनावर विसंबू नये. थेट पानांच्या हिशेबाने घेतलेली मेमरी ते मोजत नाही. शिवाय ज्याचा पत्ता कुठेतरी नोंदलेला आहे, ते त्याच्या लेखी हरवलेले नाही. कर्नलमध्ये ‘डेव्हएम’ने सुरू होणारी काही फंक्शने आहेत. त्यांनी घेतलेली मेमरी ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की आपोआप परत जाते. मोठी सोय. पण एखाद्याने हे फंक्शन सुरुवातीला एकदा वापरायचे सोडून प्रत्येक चित्रणाच्या आरंभी वापरले, तर यादी वाढतच राहते. केमेमलीक गप्प, कारण यादीत सगळे पत्ते आहेत. आणि ड्रायव्हर काढून पाहावा, तर सगळी मेमरी परत आलेली! चोर हाती लागत नाही तो असा.

ड्रायव्हरमधला नाही, पण याच जातीचा एक प्रसंग अमेरिकेत घडला. ८ ऑक्टोबर २००५ रोजी नेवाडाच्या वाळवंटात डार्पा ग्रँड चॅलेंज ही चालकाविना गाड्यांची शर्यत झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गाडी स्टिरिओ कॅमेऱ्याने अडथळे ओळखत होती. सरावात सुमारे ४० मिनिटांनी तिचा संगणक मंदावू लागे. कोड ओळ न् ओळ वाचूनही काही सापडेना, कारण मागे पडलेले अडथळे यादीतून पुसणारी ओळ तर समोर दिसत होती. शेवटी ४० मिनिटांनी गाडी थांबवून संगणक रीस्टार्ट करायचे ठरले. शर्यतीत मात्र कॅमेऱ्याने रस्त्याकडेचे झुडूपन् झुडूप टिपले आणि २८ मिनिटांतच सगळे थंडावले. नंतर प्रोफायलर, म्हणजे मेमरी कोण धरून आहे ते दाखवणारे साधन, लावल्यावर उलगडा झाला. यादीतून पुसलेला प्रत्येक अडथळा एका इव्हेंटच्या नोंदणीत अजून अडकून होता आणि ती नोंदणी रद्द करणारी ओळच लिहिलेली नव्हती.

म्हणून रात्री दोनला कॅमेरा आपोआप रीस्टार्ट करण्याच्या तोडग्यावर माझा विश्वास नाही. दिवाळीच्या गर्दीत त्याच दुकानात हालचाल चौपट होते आणि रात्रीचे दोन वाजायच्या आत कॅमेरा बसतो.

तेव्हा तक्रार करताना ‘कॅमेरा हँग होतो’ एवढेच कळवू नका. सुरुवातीचा आणि २४ तासांनंतरचा मेमइन्फो, मधल्या वेळात आलेल्या फ्रेम आणि चित्रण किती वेळा चालू-बंद झाले तो आकडा, एवढे सोबत पाठवा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मग भागाकार करता येतो.