हिशेब मागायला लाजू नका
(गेटसभेतील भाषण)



मी साचेखात्यातला माणूस. चार यत्ता शिकलेला. मोठं भाषण मला जमत नाही. पण घरचा हिशेब मला कळतो, आणि सरकारचा हिशेब म्हणजे तरी काय? हिशेब तोच, घर तेवढं मोठं.

कुणी म्हणतो, "सरकारी पैसा वाया गेला तर आपल्या बापाचं काय गेलं? कर भरतात शेठजी!" बंधूंनो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. बिडी पेटवायला आगपेटी घेता, तिच्यावर कर आहे. साबणाच्या वडीवर कर आहे. जे कापड आपण विणतो, तेच दुकानातून घेताना त्याच्यावरही कर आहे. शेठजीचा कर कागदावर दिसतो, आपला किमतीत मुरलेला असतो. पण दोन्ही पडतात एकाच तिजोरीत.

आता ही तिजोरी कशी उघडली जाते ते ऐका.

१९४८ साल. काश्मीरची लढाई चालू होती. लष्कराला जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमध्ये आपले हायकमिशनर होते कृष्ण मेनन. त्यांनी नेहमीची रीत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बहुतेक पैसे आगाऊ दिले. हातात आल्या १५५ जीप, आणि त्याही कामाच्या नव्हत्या.

८० लाख म्हणजे किती? आपल्या मापाने मोजू. १९४७ साली औद्योगिक कोर्टाने मुंबईच्या गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार २६ दिवसांना ३० रुपये ठरवला. महागाई भत्ता निराळा. वर्षाचे झाले ३६० रुपये. म्हणजे ८० लाखांत २२ हजार कामगारांचा वर्षाचा मूळ पगार बसतो! बावीस हजार माणसं वर्षभर भोंग्याला उठली, घाम गाळला, एवढी ती रक्कम.

माझ्या साच्यावरच्या ताग्यावर एकदा तेलाचा डाग निघाला. तागा माझ्या अंगावर टाकला आणि पगारातून पैसे कापले. डाग कुठून आला, साचा किती जुना, कुणी विचारलं नाही. त्या महिन्यात वाण्याची उधारी तुंबली. एका डागाला कामगाराला दंड होतो. मग १५५ जीपना कुणाला दंड झाला? कुणालाही नाही. लाच खाल्ली असं मी म्हणत नाही, तसं कोर्टात सिद्ध झालेलं नाही. मी एवढंच म्हणतो की माल न तपासता पैसे दिले, त्याचा जाब कुणी दिला?

पार्लमेंटात आरडाओरड झाली. शेवटी ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने जाहीर केलं की प्रकरण मिटलं. विरोधकांचं समाधान नसेल तर त्यांनी तो निवडणुकीचा मुद्दा करावा. पुढच्याच फेब्रुवारीत मेननसाहेब केंद्रात मंत्री झाले. १९५७ साली निवडणूक आली, आणि ते निवडून गेले कुठून? आपल्या उत्तर मुंबईतून! मतं देण्याची कारणं निराळी असतील. पण जीपचा हिशेब राहून गेला, तो आपल्याही हातून राहून गेला.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या शेठच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले. तो कराचा पैसा नव्हता. विम्याचे हप्ते भरणाऱ्यांचा होता. पण राखणदार सरकारच. फिरोज गांधी सरकारी पक्षाचे, खुद्द पंतप्रधानांचे जावई. तरी ते लोकसभेत उठले आणि आकडे मांडले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली, लोकांच्या डोळ्यांदेखत. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावं लागलं.

दोन प्रकरणं, एकच राज्यकर्ते. फरक कशाने पडला? एका ठिकाणी दार लावून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी ते उघडावं लागलं.

आणि बंधूंनो, हे फक्त दिल्लीला लागू नाही. एकदा मी सभेसाठी वर्गणी गोळा केली. एका म्हाताऱ्या कामगाराने मला सगळ्यांसमोर विचारलं, "सव्वा रुपया शिल्लक राहिला होता, त्याचं काय झालं?" मला राग आला. वाटलं, हा मला चोर समजतो! रात्रभर झोप लागली नाही. सकाळी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. पैसे जागेवर होते. म्हातारा म्हणाला, "तू चोर नाहीस ते मला ठाऊक आहे रे. पण विचारायची सवय मोडता कामा नये."

ते शब्द मी गाठीला बांधले आहेत. तुम्हीही बांधा. मत मागायला कुणीही येवो, आपल्या पक्षाचा असो की दुसऱ्या, त्याला तीन गोष्टी विचारा: पैसा किती गेला? कुणाच्या सहीने गेला? बदल्यात काय आलं? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. आणि युनियनलाही हेच विचारा, मलाही विचारा. वही माझ्या पिशवीत आहे.

ज्याचा घाम, त्याचा हिशेब!