औषध छातीत पोहोचते काय?

(पळस्पे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे; आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि गेली बारा वर्षे दमा आमच्या सोबतीस आहे. मुंबई-पुणे व मुंबई-गोवा हे रस्ते जेथे फुटतात त्या पळस्पे फाट्याची धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांस या विकाराची ओळख करून देण्याचे कारण नाही.

ज्यास आपण ‘पंप’ म्हणतो तो आम्ही नियमाने घेत होतो. तरी रात्र उशीला टेकून बसण्यात जाई. औषधच निकामी, असा निकाल आम्ही दिला होता. पुढे एका डॉक्टरांनी आम्हांस समोर पंप घ्यावयास लावला आणि ते म्हणाले, “गुरुजी, आपण औषध घशाला देता, छातीला नाही.”

औषध कोठे जाते हे मोजता येते काय? येते. फवाऱ्याच्या कणांस टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश जोडतात. त्याचा प्रभाव दर सहा तासांनी निम्मा होतो. मग गॅमा कॅमेऱ्यापुढे बसवून घसा, फुप्फुसे व जठर यांतून येणारे किरण मोजतात. खाडीपलीकडील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या व परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरच्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसांचे चित्र घेण्यासाठी अशा कणांचा कोरडा फवारा देणारी योजना सिद्ध केली. तिचे वर्णन १९७७ साली प्रसिद्ध झाले. पंपाची मोजणी लंडन येथे न्यूमन व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. शंभर भागांपैकी सुमारे ९ भाग फुप्फुसांत आणि ८० भाग तोंडात व घशात! आजचे काही पंप याहून सरस आहेत. पण धडा तोच.

कारण सोपे आहे. १ ते ५ मायक्रॉनचे कण खोल जातात. मोठे व वेगवान कण, वळणावर भरधाव मोटार रस्ता सोडते तसे, घशावर आदळतात. म्हणून दाबाचा पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, सावकाश आत घेऊ लागताच दाब द्यावा व दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. स्पेसरची पोकळ नळी जोडल्यास जड कण तिच्यातच राहतात. भुकटीचा पंप मात्र जोराने ओढावयाचा असतो. शेवटी चूळ भरावी.

आता मनातील गोष्ट. आपल्या ज्ञातीत मुलीचा दमा अद्याप लपविला जातो. ‘पंपाची सवय लागते’, ‘स्थळ मोडेल’, या भयाने ती न्हाणीघरात चोरून, घाईने दोन दाब घेते. घाईचे औषध घशातच राहते. म्हणजे आपली लाजच तिच्या छातीच्या वाटेत उभी असते! वडीलधाऱ्यांनो, तिला माजघरात, सर्वांसमक्ष, स्वस्थपणे पंप घेऊ द्या. आणि सून म्हणून येणारीसही तेवढीच मोकळीक द्या. डॉक्टरांपुढे एकदा पंप घेऊन दाखविण्यास संकोच नसावा. आम्ही साठीनंतर शिकलो. मुलांनी इतका उशीर करू नये.