पोत्यातले सेंद्रिय खत पारखून घ्या



दावणीची जनावरे कमी झाली, उकिरडे आटले आणि शेणखताची जागा हळूहळू पोत्यातल्या खताने घेतली. कोंबडीखत, गांडूळखत, प्रेसमड किंवा शहरी कचरा यांवर प्रक्रिया करून केलेली खते आता खेडोपाडी मिळतात. ती वापरू नका असे मी सांगणार नाही. पण पोत्यावर 'सेंद्रिय' लिहिले म्हणजे आतला माल निर्धोक झाला, हा समज मात्र महागात पडतो.

मी एका टोमॅटो उत्पादकाच्या मळ्यावर गेलो होतो. लागवडीच्या आठ दिवस आधी त्यांनी सरीत 'तयार' कोंबडीखत टाकले होते. दहाव्या दिवशी रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. मर रोग समजून त्यांनी दोन वेळा बुरशीनाशकाची आळवणी केली. उरलेले पोते उघडले, तर वासाने डोळ्यांत पाणी आले! खत कच्चे होते. सुटणारा अमोनिया आणि क्षार यांनी कोवळी मुळे भाजली होती. खताचे पैसे गेले, औषधाचे गेले आणि हंगामही मागे पडला.

खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये सन 2006 पासून सेंद्रिय खतांचाही समावेश झालेला आहे. गांडूळखताचेच उदाहरण घ्या. त्यात ओलावा 15 ते 25 टक्के असावा, सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के, नत्र किमान 1 टक्का, स्फुरद व पालाश प्रत्येकी किमान 0.8 टक्के असावे. शिसे किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शहरी कंपोस्टच्या बाबतीत जड धातूंचा अहवाल आवर्जून मागावा, कारण कचऱ्यात बॅटरीचे सेल आणि रंगाचे डबेही येतात. हे धातू कुजत नाहीत. एकदा जमिनीत गेले की तिथेच साठत राहतात.

आता थोडा हिशेब करू. 50 किलोच्या पोत्यात 40 टक्के ओलावा असेल, तर आपण 20 किलो पाणी विकत घेतले. नत्र 1 टक्का म्हणजे एका पोत्यात अर्धा किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोंहून अधिक असते. तेव्हा 'दोन पोती टाका, युरिया बंद करा' असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. सेंद्रिय खत घ्यायचे ते मुख्यतः कर्बासाठी.

घरच्या घरी पारख करता येते. मूठभर खत किंचित ओले करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवावे आणि तीन-चार दिवसांनी वास घ्यावा. मातीसारखा वास आला तर खत मुरलेले आहे, उग्र किंवा कुजकट आला तर कच्चे. दुसरी चाचणी मेथीच्या दाण्यांची. खत आणि माती निम्मी-निम्मी मिसळून एका कुंडीत व नुसती माती दुसरीत घेऊन पेरावे. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा कोंब पिवळे पडले, तर ते खत रोपाजवळ नेऊ नये. प्रयोगशाळेच्या अहवालात क्षारता 4 डेसिसायमनपेक्षा आणि कर्ब-नत्र गुणोत्तर 20 पेक्षा कमी आहे ना, हेही पाहावे.

कोंबडीखत कच्चे मिळाले तर पाचट किंवा भुसा मिसळून ढीग लावावा. ओलावा इतका, की मूठ दाबल्यावर बोटांत पाणी दिसावे पण टपकू नये. आतले तापमान 55 अंशांच्या वर चढले पाहिजे. त्याच उष्णतेने रोगजंतू आणि तणांचे बी मरते. अमेरिकेच्या सेंद्रिय शेती नियमांत अशा उघड्या ढिगासाठी 15 दिवस ही उष्णता आणि त्या काळात किमान पाच वेळा पालटणी सांगितली आहे. कच्चे खत जमिनीला टेकणाऱ्या खाद्य पिकास द्यायचे तर काढणीपूर्वी 120 दिवसांचे अंतर, असाही तेथील नियम आहे. मेथी-कोथिंबीर तर त्याच्या निम्म्याहूनही कमी दिवसांत निघते. म्हणून पालेभाजीला कच्चे खत देऊच नये. (ढीग पालटताना पायांत बूट व हातांत मोजे असावेत. जखम उघडी ठेवू नये, धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात.)

खरेदीची पक्की पावती घ्यावी, तीवर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. एक पोते शिलाई न उसवता बाजूला ठेवावे. तक्रारीची वेळ आली तर खत निरीक्षकाला नमुना बंद पोत्यातूनच घेता यावा. उघड्या पोत्यात नंतर काय मिसळले, यावर वाद होतो. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि तोवर उरलेले खत शेतात टाकू नये.