थैली कोणाची? भिलाईचे पोलाद आणि निवडणुकीचा पैसा
(कुम्हारी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कुम्हारी हे रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान, खारुन नदीच्या काठचे गाव. नागपूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग आणि मुंबई-हावडा लोहमार्ग हे दोन्ही येथूनच जातात. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री येथील मद्यनिर्मिती कारखान्यातले कामगार पाळी संपवून बसने घरी परतत होते. ती बस मुरुमाच्या खोल खाणीत कोसळली आणि किमान १२ कामगार प्राणास मुकले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. शोकसंदेश आले, नुकसानभरपाई जाहीर झाली, चौकशीचे आदेश निघाले.

त्याच्या आदल्याच महिन्यात, १४ आणि २१ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्यामुळे स्टेट बँकेकडील निवडणूक रोख्यांचा तपशील देशापुढे आला होता. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध जोडण्यास कोणताही पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून तसा संबंध जोडणे हा बेजबाबदारपणा ठरेल. परंतु खाणीच्या कडेला कुंपण घालावयास लावणारा नियम, कारखान्याची तपासणी करणारा निरीक्षक आणि कंत्राटी कामगाराचे किमान वेतन ही सारी ज्या विधानसभेच्या आणि संसदेच्या हाती आहेत, त्यांच्या निवडणुकीचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न कुम्हारीच्या कामगाराचा स्वतःचा प्रश्न आहे. तो केवळ दिल्लीतल्या वकिलांवर सोपवून चालणार नाही.

या प्रश्नाचा इतिहास पोलादापासूनच सुरू होतो, ही गोष्ट भिलाईकरांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात राजकीय देणग्यांविषयी काहीच तरतूद नव्हती. तेव्हा टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना पैसा देता यावा म्हणून आपल्या संस्थापन-लेखात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी निकाल दिला. कायद्याच्या अक्षरानुसार परवानगी नाकारता येत नाही असे त्यांनी म्हटले. पण त्याच निकालात, हा धोका वाढत जाऊन उद्या लोकशाहीचाच गळा घोटील, असा इशारा देऊन संसदेने यात लक्ष घालावे असे सुचविले. कलकत्ता उच्च न्यायालयापुढेही त्याच वर्षी इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचे असेच प्रकरण आले होते. पुढच्याच वर्षी मुंद्रा प्रकरणाची चौकशी छागलांकडेच आली. सार्वजनिक आयुर्विमा महामंडळाचा सुमारे सव्वा कोटी रुपयांचा पैसा एका उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत कसा गुंतला, याची ती चौकशी होती, आणि तिच्यापायी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या न्यायाधीशाने इशारा दिला त्यालाच वर्षाच्या आत धनिक आणि सरकार यांच्यातील सलगीचे दर्शन घडावे, हा योगायोग म्हणावा तर म्हणावा.

त्या काळात जमशेदपूर आणि बर्नपूर येथे खाजगी पोलाद होते आणि भिलाईत जनतेचे पोलाद उभे राहत होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या दोन पोलादांत एक फरक असा की, ज्याची चर्चा अभियंते करीत नाहीत. देणग्यांच्या कायद्याचे रूप वेळोवेळी बदलले, तरी सरकारी कंपनीने राजकीय पक्षास देणगी देऊ नये हा दंडक १९८५ च्या दुरुस्तीत होता आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८२ मध्येही आहे. भिलाईच्या भट्टीतून निघालेल्या रुळांच्या कमाईतला एक पैसाही कोणत्याही पक्षाच्या कचेरीत कायदेशीर मार्गाने जाऊ शकत नाही. खाजगी कारखान्याची कमाई मात्र जाऊ शकते.

म्हणूनच सार्वजनिक उद्योगाची विक्री ही केवळ मालकी बदलणारी घटना नसते. कोरब्याच्या बाल्कोचे उदाहरण छत्तीसगडच्या कामगारांपुढे आहेच. २००१ मध्ये या अॅल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के भाग ५५१ कोटी ५० लाख रुपयांना स्टरलाइट कंपनीला विकण्यात आले. कामगारांनी ६७ दिवस संप केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षाच्या डिसेंबरात विक्री वैध ठरविली. काल देणगी देण्यास कायद्याने बंदी असलेला उद्योग आज देणगी देऊ शकणाऱ्या समूहाच्या ताब्यात गेला. स्टरलाइट ज्या वेदांत समूहातली, त्याच्या कंपन्यांकडून भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी घेतलेल्या देणग्या परकी पैशासंबंधीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये ठरविले. यावर काय झाले? २०१६ च्या वित्त कायद्याने परकी स्रोताची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, आणि २०१८ मध्ये ती दुरुस्ती मागे रेटत थेट १९७६ पर्यंत नेली. सभागृहात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष एकाच फटक्यात मोकळे झाले. रोख्यांचा तपशील बाहेर आला तेव्हा याच समूहाच्या नावावर सुमारे ४०० कोटी रुपयांचे रोखे होते.

कायद्याची मधली वळणे थोडक्यात सांगता येतील. १९६० मध्ये मर्यादा घालून देणग्यांना मान्यता मिळाली. १९६९ मध्ये त्यांवर संपूर्ण बंदी आली. पण निवडणुकीचा खर्च भागविण्याची दुसरी कोणतीही व्यवस्था केली गेली नाही, त्यामुळे चेक गेला आणि रोकड आली. पक्षांच्या स्मरणिकांत पानपानभर जाहिराती झळकू लागल्या त्या याच काळात. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला, तोच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट बुजविली गेली. आजही छत्तीसगडसारख्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारास ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाला कसलीच नाही. १९८५ मध्ये कंपन्यांना पुन्हा मुभा मिळाली.

महाराष्ट्राने या मधल्या काळाचा एक धडा दिला आहे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानास मिळणाऱ्या देणग्या गाजल्या. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. प्रा. प. बा. सामंत, मृणाल गोरे आदींनी न्यायालयात धाव घेतली आणि १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांनी बिल्डरांना दिलेले सिमेंट आणि प्रतिष्ठानाला मिळालेला पैसा यांत साटेलोटे असल्याचा निष्कर्ष काढला. मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे फौजदारी प्रकरण वर्षानुवर्षे वरच्या न्यायालयांत फिरले, पण शिक्षा झाली नाही. तो पैसा पक्षाचा नव्हता, प्रतिष्ठानाचा होता, हे खरे. पण निदान चेकवर नाव होते, तारीख होती. म्हणूनच सिमेंटच्या पोत्यांशी ती जुळविता आली.

२०१७ मध्ये नेमके हे जुळविणेच अशक्य करून टाकण्यात आले. कंपनीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा काढली. कोणत्या पक्षाला पैसा दिला ते हिशेबात दाखविण्याची अट काढली. आणि २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना अमलात आणली. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने घेतलेले आक्षेप बाजूस सारले गेले. मर्यादा नाही म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगीदार! जिला स्वतःला नफा नाही ती दान कोणाच्या पैशातून करते, हा प्रश्न विचारण्याची सोय राहिली नाही.

राज्यांच्या निवडणुकांशी या योजनेचे नाते पाहण्याजोगे आहे. रोखे वर्षातून चार वेळा, दहा-दहा दिवस विकले जात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलला आणि विधानसभा निवडणुका असलेल्या वर्षात आणखी पंधरा दिवसांची भर पडली. छत्तीसगडचे मतदान ७ आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. दुर्ग जिल्ह्याचे १७ तारखेला. रोख्यांची खिडकी ६ तारखेला उघडली आणि २० तारखेला मिटली. रायपूरची स्टेट बँकही विक्रीच्या नेमलेल्या २९ शाखांपैकी एक. कुम्हारीचा कामगार रांगेत उभा राहून एक मत देत होता, त्याच पंधरवड्यात देशभर हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे खपले, आणि त्यांतील जवळजवळ सारी रक्कम एक कोटीच्या रोख्यांत होती. सामान्य नागरिकासाठी म्हणून छापलेल्या हजार रुपयांच्या रोख्याला गिऱ्हाईक नव्हते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने ही योजना आणि कंपनी कायद्यातील ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. याचिकाकर्त्यांत भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) हा एक राजकीय पक्ष होता, आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्षांनी रोखे घेतले नव्हते. तीस फेऱ्यांत एकूण १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरच्या तपशिलात भाजपच्या वाट्याला सहा हजार कोटींहून अधिक आले. सर्वांत मोठी देणगीदार निघाली एक लॉटरी कंपनी, १,३६८ कोटींची; तिच्याखालोखाल सरकारी कंत्राटे घेणारी हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटींची. नव्या मुंबईत नोंदलेल्या, फारशा कोणी नाव न ऐकलेल्या क्विक सप्लाय चेन कंपनीने ४१० कोटी घातले. खनिजे, रस्ते, बोगदे, धरणे, जुगार: जेथे सरकारच्या सहीवाचून पान हलत नाही, ते धंदे यादीत वर आहेत.

यावर एक ठराविक उत्तर दिले जाते: कामगार संघटनाही पक्षांना पैसा देतातच ना? या उत्तरातली लबाडी नीट समजून घेतली पाहिजे. १९२६ च्या कामगार संघ कायद्याने राजकीय कार्यासाठी स्वतंत्र निधी ठेवण्याचे बंधन घातले होते. त्या निधीत वर्गणी देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येत नव्हती, आणि दिली नाही म्हणून त्याला संघटनेच्या लाभांपासून दूर ठेवता येत नव्हते. कामगाराच्या एका रुपयासाठी त्याची संमती लागते. कंपनीच्या शंभर कोटींसाठी संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. भागधारकाला कोणी विचारीत नाही. ब्रिटन हा काही समाजवादी देश नव्हे, पण तेथेही २००० पासून कंपनीला राजकीय देणगीसाठी भागधारकांच्या सभेची मंजुरी घ्यावी लागते. अमेरिकेने १९०७ मध्येच संघराज्याच्या निवडणुकांत कंपन्यांच्या देणग्यांना बंदी घातली. मात्र तेथील अनेक राज्यांनी आपल्या निवडणुकांपुरती दारे उघडी ठेवली, आणि २०१० च्या निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंधनेही गेली.

आणि भागधारक तरी कोण? १९५७ मध्ये तो मुंबईचा एक गृहस्थ होता, ज्याला न्यायालयात उभे राहून हरकत घेता आली. २०१५ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना कामगारांच्या ठेवींचा काही भाग निर्देशांक-निधींमार्फत शेअरबाजारात गुंतवीत आली आहे. आयुर्विमा महामंडळाचा पैसा तर कधीचाच तेथे आहे. म्हणजे कुम्हारीच्या कंत्राटी कामगाराच्या पगारातून दरमहा कापलेली रक्कम फिरत फिरत देशातल्या बड्या कंपन्यांच्या भांडवलात जाते, त्या कंपन्या पक्षांना देणग्या देतात, आणि ते पक्ष कामगार कायदे ठरवितात. या कामगाराला आपण देणगीदार आहोत हे ठाऊकही नसते.

भिलाईने भांडवल आणि सत्ता यांच्या जवळिकीची किंमत रक्ताने मोजली आहे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी कॉ. शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत झोपेत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन १६ जणांचा बळी गेला. नियोगी खटल्यात सत्र न्यायालयाने उद्योगपतींना दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शिक्षा टिकली ती फक्त भाडोत्री मारेकऱ्याची. त्या काळी देणग्यांचा कोणताही तपशील कामगाराला पाहावयास मिळत नव्हता. आज मिळतो, तर तो वाचला पाहिजे.

रोखे नाकारल्याचे समाधान मात्र कार्यकर्त्यांनी फार काळ बाळगू नये. ज्या शाखेची पावतीपुस्तके अर्धवट भरलेली असतात, ज्या शाखेत बाजारपेठेतल्या दुकानदाराकडून घेतलेल्या वर्गणीचा हिशेब सभासदांपुढे महिनोन्‌महिने येत नाही, तिने थैलीशहांना हिशेब विचारला तर तो कोण ऐकणार? कॉ. इंद्रजित गुप्ता यांच्या समितीने १९९८ मध्ये निवडणुकांना सरकारी मदत द्यावी, पण ती रोख नव्हे तर वस्तुरूपाने, असे सुचविले होते. ती शिफारस पंचवीस वर्षांहून अधिक काळ धूळ खात पडली आहे, आणि तिच्यासाठी रस्त्यावरचा लढा कधी झाला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

रोखे गेले, वाट गेली नाही. २ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देणग्या आणि कंत्राटे यांच्या देवघेवीची विशेष पथकामार्फत चौकशी करण्यास नकार दिला. वटविलेला पैसा पक्षांकडेच राहिला. आता ओघ निवडणूक न्यासांकडे वळला आहे. न्यासात अनेक कंपन्या पैसा ओततात आणि न्यास तो पक्षांना वाटतो. कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे पुन्हा धूसर होते. २०२४-२५ या वर्षी टाटा समूहाशी निगडित प्रोग्रेसिव्ह इलेक्टोरल ट्रस्टने सुमारे ९१५ कोटी रुपये वाटले. त्यांतले साडेसातशे कोटींहून अधिक केंद्रातील सत्ताधारी पक्षाला मिळाले. छागलांपुढे आली होती ती कंपनी याच समूहाची होती.