हृदयाला बदली कामगार नाही



चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही ग्रॅच्युइटीवर बोलू, असे त्यांना वाटले असावे. तसे बोलणार आहोत ग्रॅच्युइटीवरच. पण वाट हृदयातून जाते.

आमचा एक जुना सोबती. गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर उभा राहिलेला. त्याला हृदयविकाराचा झटका आला. मेडिकलमधून तो सुखरूप घरी आला, पण जिना चढला की धाप लागे. कुणी सांगितले, मूळपेशींची सुई घ्या, हृदय नवे होईल. एका खाजगी दवाखान्यात त्याने उरलीसुरली ग्रॅच्युइटी मोजून दिली. धाप होती तशीच राहिली. त्याने आम्हांला विचारले, "भाऊ, मी फसलो का जी?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. शाळा आम्ही लहानपणीच सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. त्या एका प्रश्नापायी आम्ही पुस्तके चाळली, डॉक्टरांना गाठले. कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

आईच्या पोटात गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतो, तेव्हा त्याच्या मधल्या थरातील काही पेशी जागा सोडून पुढे सरकतात. त्यांच्या दोन नळ्या होतात, त्या मध्यभागी जुळतात, आणि सुमारे बाविसाव्या दिवशी ती नळी धडधडू लागते. या पेशी आरंभी कोणत्याही एका कामाला वाहिलेल्या नसतात. डॉक्टर ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या मूळपेशी याच. शेजारच्या थरांकडून इशारे येतात, तसतशा त्यांतल्या कुणी स्नायू होतात, कुणी रक्तवाहिनीचे अस्तर होतात.

आता आमच्या भाषेत सांगतो. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार उभे असत. कायम माणूस आला नाही की त्यांतला एक आत जाई. आपल्या रक्ताला आणि कातडीला असे बदली कामगार जन्मभर असतात. हृदयाला ते जवळजवळ नाहीतच. 1950-60 च्या दशकांत उघड्यावर अणुस्फोट झाले, त्यांचा कार्बन अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला. त्यावरून स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली हृदयपेशींचे वय मोजले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्धा टक्का. मोठ्या झटक्यात तर अब्जभर पेशी मरू शकतात. त्या जागी स्नायू येत नाही, वण येतो. आणि वण आकुंचन पावत नाही. आमच्या सोबत्याच्या धापेचे कारण बहुधा हेच.

मग सुईची गोष्ट निघाली कोठून? 2003 साली अमेरिकेतून दावा आला की प्रौढ हृदयातही मूळपेशी आहेत आणि त्या नवे स्नायू घडवतात. जगभर आशा उसळली. इतरांना ते पडताळता येईना. अखेर 2018 साली हार्वर्डनेच त्या प्रयोगशाळेचे 31 निबंध मागे घ्यावेत असे कळवले. विद्वान इतकी वर्षे चकले, तेथे आमच्या साचेवाल्याला काय दोष द्यावा?

परंतु शास्त्र थांबलेले नाही. जपानच्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या साध्या पेशी पुन्हा मूळपेशींसारख्या करून दाखवल्या. 2012 साली त्यांना नोबेल मिळाले. अशा पेशींपासून काचेच्या बशीत धडधडणारा स्नायू तयार होतो. त्याचे ठिगळ रुग्णाच्या हृदयावर लावण्याच्या चाचण्या जपान-जर्मनीत झाल्या आहेत. आपल्याकडेही, मुंबईच्या गिरणगावात, परळच्या सरकारी संशोधन संस्थेत मानवी मूळपेशींचे दोन वंश वाढवले गेले आणि त्यांतून हृदयपेशी घडवण्याचे प्रयोग झाले. धोके मात्र आहेत: ठोके बिघडतात, शरीर परक्या पेशी नाकारते, कच्ची राहिलेली पेशी गाठ धरते.

म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2017 च्या नियमांत लिहिले आहे की, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर हा प्रयोग समजावा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. एवढी एक खूण लक्षात ठेवा: हृदयासाठी मूळपेशी देतो म्हणून कुणी बिल पुढे केले, तर उठून या.

सोबत्याला आम्ही सांगितले, "होय, फसलास. पण तुला अर्धे खरे सांगून फसवले. अर्धे खरे ओळखायला एकट्या माणसाला जड जाते." त्यासाठीच तर आपण संघटना बांधतो, आणि अशा सभाही भरवतो.