माँ ब्लांच्या पायथ्याचे द्राक्षमळे

(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें भाषण)



मिस्साचा द्राक्षारस निर्भेळ, द्राक्षांचाच व न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. द्राक्षारसामागें श्रम किती असतात, हें इटलींतील एका डोंगरी खोऱ्यावरून सांगतों.

आओस्ता प्रांतांत, माँ ब्लां या हिमपर्वताच्या पायथ्याशीं, मोर्जे व ला साल हीं गांवें आहेत. तेथील मळे ९०० ते १२०० मीटर उंचीवर. एवढ्या थंडींत द्राक्ष पिकावें हेंच नवल! परंतु प्रिए ब्लां नांवाचें पांढरें द्राक्ष आखूड उन्हाळ्यांतहि पिकतें. मांडव इतके ठेंगणे कीं, शेतकऱ्यास वांकून, प्रसंगीं गुडघे टेकून, काम करावें लागतें. (आपण ते मिस्सालाच टेकतों!) पण त्यामुळेंच वेल वाऱ्यापासून वांचतो व घडांस जमिनीची ऊब मिळते. एकोणिसाव्या शतकांत फायलोक्सेरा किडीनें युरोपांतील मळे उजाड केले; बहुतेक ठिकाणीं अमेरिकन मुळांवर कलमें बांधावीं लागलीं. येथें ती कीड पोंचली नाहीं. येथील वेल आजहि स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत.

मात्र प्रत्येकाचा मळा चिमुकला, आणि रस बहुधा घरापुरता. अशा मळ्यांचा सांभाळ पुढें कोण करणार? मोर्जेचे धर्मगुरु आलेक्सांद्र बूझा यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा द्राक्षारस निगेनें तयार केला, बाटल्यांत भरला, आणि खोऱ्याबाहेर त्याचें नांव केलें. १९८३ सालीं शेतकऱ्यांनीं सहकारी मंडळी स्थापिली. आतां पुष्कळांच्या टोपल्या एकाच द्राक्षकुंडाशीं येऊन रित्या होतात.