भ्रमरवृत्तीचे छायाचित्रण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शहरातील उद्यानात पक्ष्यांची व कीटकांची छायाचित्रे काढणे हा विषय धार्मिक न्यासाच्या व्यासपीठावर कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु जीवदया हा ज्या समाजाचा प्राण आहे, त्याने शेजारचे जीव नीट पाहिलेच नाहीत, तर ती दया कोणावर करायची?

त्यासाठी अरण्यातच जावे लागते असे नाही. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी तेथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्या भूमीवर वृक्ष लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. वृक्षांमागोमाग पाखरे आली, फुलपाखरे आली. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते. अभय आणि आश्रय मिळाला, एवढेच त्यांना पुरेसे झाले.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चढती श्रेणी सांगताना कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य ही उदाहरणे दिली आहेत. पाठशाळेत आपण ती मुखोद्गत करतो. लिंबाच्या एखाद्या झुडपापुढे कॅमेरा घेऊन अर्धा तास स्थिर उभे राहावे, म्हणजे ती प्रत्यक्ष दिसू लागते. झुडूप एकेंद्रिय, मातीतील गांडूळ द्वींद्रिय, खोडावरची मुंगी त्रींद्रिय, फुलपाखरू चतुरिंद्रिय आणि पानामागून डोकावणारा शिंपी पक्षी पंचेंद्रिय. याच पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एखादी अळी असते. कीड म्हणून आपण तिला सहज चिरडतो. तीच पुढे नीलवंत होऊ शकते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला, तो याच नीलवंताला.

मात्र छायाचित्रणातही हिंसा शिरू शकते. शिंप्याचे किंवा सूर्यपक्ष्याचे घरटे स्पष्ट दिसावे म्हणून कोणी आडवी फांदी मोडतो. मग पिले उन्हाला आणि कावळ्याला उघडी पडतात. कोणी ध्वनिमुद्रित साद वाजवतो. पक्षी ती प्रतिस्पर्ध्याची समजतो आणि हातचे काम टाकून धावतो. कीटक हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात ठेवणारेही आहेत. याची काहीच आवश्यकता नाही. पहाटेच्या गारव्यात कीटक स्वभावतःच मंद असतात. चतुर उडाला तरी पुष्कळदा त्याच काडीवर परत येऊन बसतो. थोडा धीर धरला, तर ज्यासाठी हिंसा केली जाते ते हिंसेवाचूनही मिळते.

पावसाळ्यात ही परीक्षा अधिक कठीण होते. कीटकांचे वैभव तेव्हाच बहरते. नेमका याच कारणाने साधु-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण पावलोपावली जीवोत्पत्ती झालेली असते. श्रावकाला घरी बसणे सक्तीचे नाही, परंतु त्याने ईर्यासमितीचे स्मरण ठेवावे. पायवाट सोडू नये, गवतात गुडघे टेकू नयेत. वाटेच्या कडेच्या एका झुडपावर पाहण्यासारखे इतके असते, की गवत तुडवण्याचे कारणच उरत नाही.

दशवैकालिकसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या आहारग्रहणाला भ्रमराची उपमा दिली आहे. भ्रमर फुलातून रस घेतो, पण फुलाला पीडा देत नाही. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनीचा कॅमेरा आहे. म्हणून ही उपमा आता आपणा सर्वांसाठी आहे. छायाचित्र उत्तम आले की नाही, हे चित्रावरून ठरवू नये. आपण निघून गेल्यावर पक्षी घरट्यावर परतला का, फुलपाखरू त्याच फुलावर राहिले का, यावरून ठरवावे. चित्र धूसर आले तरी चालेल. जीवाची शांती मात्र भंगू नये.

न्यासाने आपल्या पाठशाळेतील मुलांना वर्षातून एक सकाळ जवळच्या उद्यानात न्यावे, एवढी विनंती करतो. पाठ केलेली पंचेंद्रिये तेथे त्यांना डोळ्यांनी भेटतील.

जय जिनेंद्र!